टिरेटा साहेबाचा बाजार

"वहिनी, कपडे राहू देत, इकडे या आधी. तुमच्या धाकट्याला आमच्या ह्यांनी रविवारी पहाटे टिरेटा बाजारात पाहिलं!"

"अगंबाई! म्हणजे कुठे?"

"पोद्दार कोर्टाच्या मागे. घाबरू नका, लालबाजारचं पोलीस मुख्यालय जवळच आहे. पोरं जातात ती न्याहारीला. रस्त्यावरच वाफाळते मोमो, फिशबॉलचं सूप, बाव. जुनी चिनी वस्ती ना ती."

"चिनी? मग नाव असं कसं?"

"इटालियन माणसाचं! एदुआर्दो तिरेत्ता, व्हेनिसजवळच्या त्रेव्हिझोचा. कॅसानोव्हाचा दोस्त. हो, तोच, भानगडीवाला! त्याने आठवणींत ह्याचे पॅरिसमधले असे चाळे लिहिलेत, भिंतीवरून सांगण्यासारखे नाहीत."

"सांगा की हळूच."

"सासूबाई खिडकीत आहेत तुमच्या. तर हा इथे कोलकात्यात आला, कंपनी सरकारात रस्ते नि इमारतींचा सुपरिंटेंडेंट झाला. बाजारही थाटला. मग आलं दिवाळं, आणि 1791 मध्ये अख्खा बाजार लॉटरीत काढला! चार्ल्स वेस्टनला लागला."

"बाजार लॉटरीत? आमच्या ह्यांना आजवर कुकर लागला नाही."

"चिनी लोकही त्याच सुमाराचे. तोंग अछ्यू नावाच्या एकाने वॉरन हेस्टिंग्जकडून बजबजजवळ जमीन घेतली, साखरेचा कारखाना काढला. तेच आजचं आछिपूर. चिनी नववर्षाला अजून सगळे त्याच्या समाधीला जातात. शहरात स्थिरावले ते कँटनी सुतार, जोडे शिवणारे हक्का, दाताचे डॉक्टर हुबेईचे."

"आता मात्र फार दिसत नाहीत."

"कसे दिसतील? 1962 चं युद्ध झालं आणि देशभरातून हजारोंना उचलून राजस्थानात देवलीच्या छावणीत टाकलं. म्हातारी, तान्ही बाळं, सगळी. कित्येकांचा जन्म इथला, बोलतात बंगाली, चीन कधी पाहिलेला नाही. सुतारकाम करणाऱ्यांनी काय हेरगिरी केली असेल हो? चिडच येते मला. सुटून आले तर कुणाचं दुकान गेलेलं, कुणाचं घर. मग कॅनडा गाठला अनेकांनी. चामड्याचा धंदा होता तो टांगऱ्याला, दुसऱ्या चिनी वस्तीत. आपण तिथे जाऊन चिली चिकन खातो, बस."

"ऐकून जावंसं वाटतंय."

"चला ह्या रविवारी. पण सातच्या आत हं, नंतर टोपल्या रिकाम्या. डुकराचं नको असेल तर आधी विचारून घ्यायचं."

"सासूबाईंना काय सांगू?"

"कालीघाटला चाललो म्हणा."

"आपल्या हाजऱ्याहून कालीघाट दोन पावलांवर! तेवढ्यासाठी पहाटे टॅक्सी?"

"मग दक्षिणेश्वर म्हणा."

"त्याही येते म्हणतील."

"येऊ देत. फिशबॉल खातील?"