एक तुटक रेषा आणि एक चप्पल

आमच्या वणीत धडधाकट माणूस पायी चालताना दिसला की लोक दोनच प्रश्न विचारतात. गाडी पंक्चर झाली का? आणि तसं नसेल तर, नवस काय बोललात? पायी चालायला तिसरं काही कारण असू शकतं, हे गावाला मान्य नाही. मलाही नव्हतं. घरापासून दुकान हाकेच्या अंतरावर, तरी मी मोटरसायकल काढायचो. ती किक मारून सुरू होईपर्यंत चालत पोचून शटर उघडून झालं असतं. पण झेरॉक्सवाला पायी यायला लागला की धंदा बसला, असं लोक धरून चालतात.

दुकान स्टँडजवळ. झेरॉक्स, सातबारा, आठ-अ, गावनकाशा, पीकविम्याचे फॉर्म, तहसीलचे अर्ज. या सगळ्यांपेक्षा जास्त चालणारी सेवा मात्र फुकट होती, ती म्हणजे गडाचा रस्ता सांगणं. सप्तशृंगीला अख्खा महाराष्ट्र 'वणीची देवी' म्हणतो. देवी राहते कळवण तालुक्यात, आम्ही दिंडोरी तालुक्यात; मध्ये वीस-पंचवीस किलोमीटर आणि नांदुरीचा घाट. भाविक वणीत उतरतात, नारळ घेतात आणि विचारतात, "पायऱ्या कुठून सुरू होतात?" गावात जगदंबेचं मंदिर असल्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. तेव्हा रस्ता सांगण्यात माझा हात धरणारा गावात कोणी नव्हता. फक्त कोणी 'तुमच्या घरामागची वाट कुठं जाते हो?' असं विचारलं असतं, तर मी त्यालाही नांदुरीलाच पाठवलं असतं.

याच मुलखातून 1670 साली शिवाजी महाराज सुरतेचा खजिना घेऊन गेले. दाऊदखान आडवा आला, ऑक्टोबरात वणी-दिंडोरीला उघड्या मैदानावर लढाई झाली, मोगल हरले आणि खजिना सुखरूप पुढे गेला. बरोबर साडेतीनशे वर्षांनी त्याच मुलखातला एक रहिवासी, हातात सरकारी नकाशा, खिशात फोन, जवळ खजिना म्हणावा असं काहीही नसताना, स्वतःच्या घरापासून दोनेक किलोमीटरवर हरवला. त्याची ही बखर.

22 मार्च 2020 ला जनता कर्फ्यू झाला, संध्याकाळी आम्ही थाळ्या वाजवल्या आणि 25 तारखेपासून सगळंच बंद झालं. दुकान बंद, स्टँड बंद, गड तर आधीच बंद. महिना संपता संपता जिल्ह्यातला पहिला रुग्ण निफाड तालुक्यात सापडला आणि शेजारी एकमेकांशी खिडकीतून बोलायला लागले. माझी साखर त्या काळात एकटीच वर जात होती. डॉक्टर फोनवर म्हणाले, "रोज तासभर चाला." मी विचारलं, "कुठे?" ते म्हणाले, "गच्ची असेल ना?"

गच्ची होती. पण एप्रिल तोंडावर आला होता आणि गच्चीवर कुरडया होत्या. कुरडया, पापड, साबुदाण्याच्या पापड्या, वर जुनं लुगडं आणि चारी कोपऱ्यांवर विटा. मधून जी काही वाट उरली होती ती मांजरासाठी ठीक होती. दुसऱ्या फेरीतच माझ्या टाचेखाली कुर्रर्र आवाज झाला. आई जिन्यातूनच ओरडली, "उतर खाली! आणि आता चालायचं असेल तर मोकळ्या रानात जाऊन चाल." मुख्य रस्त्यावर जावं, तर तिथं पोलीस होते आणि त्यांचा व्यायामाचा अभ्यासक्रम वेगळा होता. त्यात चालणं नव्हतं, उठाबशा होत्या. म्हणजे राहिल्या पायवाटा.

आता पायवाटांचं म्हणाल तर कागदावर माझ्याइतका जाणकार तालुक्यात सापडणार नाही. गावनकाशात दोन समांतर तुटक रेषा असल्या की गाडीरस्ता, एकच तुटक रेषा असली की पायवाट. वाट कोणी नांगरून टाकली तर मामलेदार कोर्ट ॲक्ट 1906, कलम 5. वाटच नसेल आणि बांधावरून नवी मागायची तर जमीन महसूल संहिता 1966, कलम 143. दोन्ही अर्जांचे नमुने संगणकात तयार. नाव आणि गट नंबर तेवढे बदलायचे. भाऊबंदकीच्या कितीतरी वाटा मी अशा प्रिंटरमधून काढल्या होत्या. स्वतः एकीवरही पाय ठेवला नव्हता.

मी नकाशाची प्रत काढली आणि घरामागून निघणाऱ्या तुटक रेषेवर पिवळा मार्कर फिरवला. आईने तो कागद लांब धरून पाहिला. "हे काय? मोठ्या चिंचेखालून जा, बारवेच्या डाव्या अंगानं वळ, म्हसोबाला हात जोड आणि नाल्यानं सरळ. नवी नवरी असताना आम्ही त्या वाटेनं जायचो." मी तिला समजावलं की चिंच रस्तारुंदीत गेली, बारव बुजली, तुझी माहिती पन्नास वर्षं जुनी आहे. माझा नकाशा मुळात इंग्रजांच्या मोजणीचा, म्हणजे आईच्याही जन्माआधीचा, हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही.

मास्क लावला, पायात नेहमीची चप्पल घातली आणि निघालो. म्हसोबा जागेवर होता. मला घाई होती, त्यामुळे हात जोडायचे राहिले.

रेषेप्रमाणे डावीकडे गव्हाचं मोकळं रान हवं होतं. तिथं द्राक्षबाग होती. द्राक्षबागेत माणूस ओळीनंच चालू शकतो. आडवं जायचं म्हटलं तर कपाळाला तार, खांद्याला अँगल आणि पायाला ठिबकची नळी. मी एका ओळीत शिरलो, ती संपेना. मध्येच पानांतून आवाज आला, "कोण आहे?" बागेचा मालक होता. मी घाबरलो, पण त्याच्या हातात काठी नव्हती, घड होता. "घ्या, खा," तो म्हणाला. "तोडायला मजूर नाही, न्यायला व्यापारी नाही. भाव तर विचारूच नका. उरलेल्याचा बेदाणा करायला टाकलाय, होईल तेवढा." त्याच्या घरी अशा बागेचं औषधाचं बिल भिंतीवर खिळ्याला टांगलेलं असतं, हे मला ठाऊक होतं, पीककर्जाची कागदपत्रं मीच झेरॉक्स करतो. नाही कसं म्हणणार? साखर उतरवायला निघालेल्या माणसाने बांधावर उभं राहून अर्धा किलो थॉमसन खाल्ली आणि वर पिशवीतही घेतली.

"ही वाट पुढे कुठं निघते?" मी नकाशा दाखवत विचारलं. त्याने तो उलटा धरला, मग सुलटा धरला. "ही होय? ही आता तळ्यात आहे."

मला वाटलं, तळ्याकडे आहे म्हणत असेल. पण खरोखरच तळ्यात होती. तुटक रेषा जिथून पुढे सरकायची तिथं मातीचा उंच भराव होता आणि भरावाच्या आत शेततळं. पलीकडे वाट दिसते का बघावं म्हणून मी भरावावर चढलो. आतल्या उतारावर काळा प्लास्टिकचा कागद, वर धुळीचा पातळ थर. मी एक पाऊल जरा जास्त पुढे टाकलं. पाय कसाबसा मागे घेतला, चप्पल मात्र आली नाही. ती कागदावरून सावकाश घसरत गेली, काठाला क्षणभर थांबली, पाण्यात उतरली आणि बुडाली नाही. वाऱ्याने ती हळूहळू मध्यभागी निघाली. माझ्या पायात असताना एवढं अंतर तिने कधीच कापलं नव्हतं.

एप्रिलच्या उन्हात तापलेल्या बांधावरून एका चपलेने चालायची एक लय असते. चप्पलवालं पाऊल ऐटीत, दुसरं पाऊल उडी मारून. तसा उड्या मारत एका नाल्याशी आलो तर समोरून माणसं येत होती. बागांमधल्या कामाला आलेले मजूर. डोक्यावर बोचकी, एकाच्या हातात पातेली, एका बाईच्या कडेवर पोर. डांबरी टाळून आडवाटेनं निघाले होते. मी नकाशा पुढे करून विचारलं, "ही वाट कुठं जाते?"

बाई न थांबता म्हणाली, "आमची सुरगाण्याला जाते. तुमची कुठं जायची?"

मी फिरायला निघालोय, असं काहीतरी पुटपुटलो. तिला ते ऐकू गेलं नसेल असं मी आजवर धरून चाललोय. जाता जाता तिने हाताने टेकाडाकडे खूण केली, "तिकडं वस्ती आहे." आणि ते सगळे नाल्यात उतरून दिसेनासेही झाले. त्यांच्याकडे नकाशा नव्हता.

टेकाडाला वळसा घातल्यावर शेजारची वाडी लागली. लागली म्हणजे अडली. वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या, मागे आडवी बैलगाडी आणि जुवाला पुठ्ठा बांधला होता: 'गावबंदी. बाहेरच्यांना प्रवेश नाही.' गाडीवर काठ्या घेऊन पोरं बसलेली. एक जण तिथूनच ओरडला, "ओ बाबा, मागं फिरा! गड बंद आहे!"

मला काही कळेना. मग उमगलं. दिवस चैत्राचे होते. रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत गडावर यात्रा असते आणि खानदेशातून भाविक दिवसच्या दिवस पायी चालत येतात. त्या वर्षी यात्रा रद्द होती. आणि समोर उभा होता तोंड बांधलेला, घामाघूम झालेला, पिशवी घेतलेला, आडरानातून आलेला एक माणूस. तोही अनवाणी. निदान अर्धा.

"एकाच पायानं अनवाणी?" पोराने दुसऱ्याला विचारलं. "असा कसला नवस?"

"अर्धा फेडला असंल," दुसरा म्हणाला.

मी म्हणालो, "अरे, मी गडाला नाही चाललो. मी वणीचा."

"वणीलाच तर सगळे येतात, बाबा. देवी पावली तुम्हाला. आता माघारी जा."

"माघारी म्हणजेच वणी!"

"बघा, ऐकून नाही ऱ्हायले. शाळेत ठेवा यांना चौदा दिवस." जिल्हा परिषदेच्या शाळा तेव्हा मुंबई-पुण्याहून आलेल्यांसाठी विलगीकरणाला काढल्या होत्या. घरच्या गच्चीवरून जी वाडी दिसते, तिथल्या चौथीच्या वर्गात चौदा दिवस! मी आधार कार्ड शोधायला खिसे चाचपले. गावातल्या निम्म्या लोकांच्या आधारची झेरॉक्स मी काढलेली. माझं दुकानाच्या गल्ल्यात.

तेवढ्यात ओट्यावरून एक म्हातारबाबा उठले. "तोंडावरचं खाली घे, भाऊ." मी मास्क खाली केला. त्यांनी डोळे बारीक केले. "आरं, ह्यो तर झेरॉक्सवाला! माझ्या वाटंच्या केसचा अर्ज यानंच लिहिला. गट नंबर चुकीचा टाकला होता. तीन तारखा गेल्या."

पोरं माझ्याकडे बघायला लागली. म्हाताऱ्यांनी निकाल दिला, "सोडा त्याला. तो खरंच हरवला असंल."

शेळ्या घेऊन निघालेल्या एका मुलाला माझ्यासोबत शिवेपर्यंत पाठवलं. तो दहा पावलं पुढे, मध्ये शेळ्या, मागे मी. शासनाच्या अंतराच्या नियमाचं इतकं कडक पालन तालुक्यात कुठं झालं नसेल. द्राक्षांच्या पिशवीचा शेळ्यांनी वाटेतच निकाल लावला. चिंचेची जागा, बारवेची जागा, म्हसोबा असं करत ते पोर मला थेट आमच्या परसात घेऊन आलं. आईने माझ्या पायांकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "म्हसोबाला हात जोडले होतेस का?"

त्यानंतर मी नकाशा घरी ठेवायला लागलो आणि शेळ्यांच्या मागे जायला लागलो. शेळीला कुंपण कुठं मोडलंय, नाला कुठं उतरतो, कोणाचं कुत्रं बांधलेलं असतं, सगळं माहीत असतं. ज्यांना मी आयुष्यभर 'गडाशेजारचे डोंगर' म्हणत आलो होतो, त्यांना नावं होती: मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, अचला, अहिवंत. साखर उतरली आणि अंगात विद्वत्ता चढली. सरकारने 3 जूनपासून पहाटे पाच ते संध्याकाळी सात चालायला रीतसर परवानगी दिली. त्याच दिवशी निसर्ग चक्रीवादळ अलिबागकडून आत शिरलं आणि नाशकापर्यंत पाऊस घेऊन आलं, त्यामुळे अधिकृत चालण्याचा पहिला दिवस मी खिडकीत काढला. बसल्या बसल्या एक नकाशा काढला. रंगीत पेनांनी, बाणांसकट: 'वणी परिसरातील निसर्गरम्य पायवाटा'. तो गावच्या ग्रुपवर जाईल अशा बेताने एका मित्राला पाठवला. नाव घातलं नाही. संचारबंदीतल्या फेऱ्यांचा पुरावा कशाला द्या? पुढे नकाशा इतका फिरला की तीन वेगवेगळ्या लोकांनी मलाच पाठवला, तेव्हा नाव न घातल्याची हळहळही वाटली.

सप्तशृंगाच्या शिखरावर झेंडा लावायला जायची वाट दरेगावच्या एका घराण्यालाच ठाऊक आहे म्हणतात. शहाणी माणसं. पिढ्यानपिढ्या चढतात, पण त्यांनी नकाशा काढला नाही. माझ्या नकाशाने पंधरवड्यात जत्रा भरवली. ट्रॅकसूटवाले, सेल्फीवाले, वाटेत गाडी उभी करून चालायला जाणारे. एकाने नळी तुडवली, एकाने कोवळ्या काड्या मोडल्या. मग एका सकाळी वाटेच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या पडल्या.

दुकान तोवर उघडलं होतं. पहिल्याच आठवड्यात तो बागेचा मालक आला. मास्क असल्यामुळे त्याने मला ओळखलं नाही, किंवा ओळखूनही दाखवलं नाही. म्हणाला, "तहसीलला अर्ज द्यायचाय. कोणीतरी माझ्या बांधाचा नकाशा काढून गावभर वाटलाय. त्याच्यावर कारवाई पाहिजे."

मी मास्क नाकावर नीट ओढला आणि संगणक सुरू केला. कलम 5 चा नमुना उपयोगी नव्हता, 143 चाही नव्हता. हे प्रकरण दोन्हींत बसत नव्हतं. नवाच मसुदा लिहावा लागला. "नाव काय टाकू त्याचं?"

"नाव कुठं माहितीय? तुम्हीच लिहा काय ते."

मी 'अज्ञात इसम' लिहिलं. गट नंबर दोनदा तपासला. तीन प्रती काढल्या, टाचणी लावली, पोच कुठं घ्यायची ते समजावलं. त्याने पैसे पुढे केले. मी नको म्हणालो. त्याला आश्चर्य वाटलं असेल, कारण मी कोणाला पाच रुपये सोडल्याचं वणीत कोणी ऐकलेलं नाही. पण ज्या अर्जात आपणच आरोपी, त्याचे टायपिंगचे पैसे घ्यायचे की नाहीत, यावर महसूल संहितेत कलम नाही.