आमचे रेसिडेंटसाहेब

सशाबद्दल सल्ला द्यायला स्वतः ससा पाळलेला असावा, अशी काही अट हैदराबादच्या आमच्या सुलतान बाजारात नाही. चपलांच्या दुकानातला पोऱ्या, पिको-फॉलवाला, बडी चावडीतली भाजीवाली, सगळ्यांना ससा तोंडपाठ आहे. तो गाजर खातो, भित्रा असतो, शर्यतीत झोपतो आणि कान धरून उचलायचा असतो. शेजारच्या तेलुगू आंटी तर म्हणच घेऊन आल्या. ‘ता पट्टिन कुंदेलुकु मूडे काळ्ळु.’ मी धरलेल्या सशाला तीनच पाय, चौथा दाखवलात तरी मी मोजणार नाही! म्हण त्यांनी इतरांसाठी सांगितली आणि लगेच म्हणाल्या, “पण गाजरच द्या हं.” आल्यागेल्याने असा आपापला तीन पायांचा ससा आमच्याकडे आणून सोडला आहे. चार पायांचा जो आहे, तो दिवाणाखाली बसून नाक हलवत हे सगळं ऐकत असतो.

त्याला लेकीने आणला, चारमिनारजवळच्या मुर्गी चौकातून. कोंबड्या-कबुतरांच्या पिंजऱ्यांमध्ये हा बसला होता. विकणाऱ्याने कान धरून त्याला पिशवीसारखा वर उचलला आणि म्हणाला, “जोडा लेलेव अम्मा, अकेला मायूस हो जाता. दोनों नर हैं, फिकर नक्को.” एकटा ससा उदास होतो, हे त्याचं खरं होतं. पण आमच्या सौभाग्यवतींची हयात शाळेत इतिहास शिकवण्यात गेली आहे, आणि विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबलेल्यांचं पुढे काय झालं हे तिला सनावळीसकट पाठ आहे. लहान सशांमधला नर-मादी फरक भल्याभल्यांना कळत नाही आणि सशीण ३१ दिवसांत विते. १८५९ साली ऑस्ट्रेलियात एका हौशी जमीनदाराने शिकारीसाठी इंग्लंडहून आणवलेले दोन डझन ससे मोकळे सोडले. पुढे इकडे विवेकवर्धिनी शाळा निघाली त्या १९०७ साली तिकडे सशांना अडवणारं तीन हजार किलोमीटरांहून लांब कुंपण बांधून झालं होतं, आणि ससे त्याच्याही पलीकडे पोचले होते. “आपल्या खोल्या दोन,” ही म्हणाली. एकच ससा आला.

नावही हिनेच ठेवलं. आमचा सुलतान बाजार म्हणजे पूर्वीचा रेसिडेन्सी बाजार. हैदराबाद निजामाचं, पण एवढ्या तुकड्यावर हुकमत ब्रिटिश रेसिडेंटची. १९३३ साली तो निजामाकडे परत आला. रेसिडेंटची ती खांबांची कोठी अजून उभी आहे. तिथे आता महिला विद्यापीठ आहे, पण रिक्षावाल्याला ‘विमेन्स कॉलेज’ म्हटल्याशिवाय तो हलत नाही. तर, पाहुणा म्हणून आला, कोपरा धरून बसला, तोंडातून शब्द काढत नाही आणि एकेक मुलूख आपल्या नावावर करत सुटलाय, हा रेसिडेंटच, असा निकाल हिने दिला.

मुलूख नावावर करायची त्याची पद्धत बघण्यासारखी आहे. सशाच्या हनुवटीखाली गंधाच्या ग्रंथी असतात. जी वस्तू आपली, तिच्यावर तो हनुवटी घासतो. आपल्याला वास येत नाही, पण त्याच्या लेखी सही-शिक्का झाला. टेबलाचा पाय, माझी चप्पल, टीव्हीचा रिमोट, आईचा दासबोध, विम्याची फाईल अशा क्रमाने आमचं संस्थान गेलं. दिवाणाखालची जागा तर त्याने पहिल्या रात्रीच घेतली. १८५३ साली फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड लिहून घेतलं होतं. ही माहेरची अकोल्याची, म्हणजे वऱ्हाडातलीच. दिवाणाखाली झाडू घालायला गेली की तो मागचे पाय रोवून गुरगुरतो (होय, ससा गुरगुरतो) आणि ही उठता उठता म्हणते, “वऱ्हाड काही परत मिळत नाही.”

खरी अडचण उचलण्याची. आमच्याकडे प्रेम म्हणजे उचलणं. मूल दिसलं की उचल, मांजर दिसलं की उचल. सशाचा हिशेब निराळा. त्याच्या वाडवडिलांना आजवर ज्यांनी जमिनीवरून उचललं त्या घारी आणि गरुड, आणि ‘वर छान वाटलं’ असं सांगायला त्यांतला एकही खाली आला नाही. त्यातून देवाने मागचे पाय दिले दणकट आणि हाडं दिली हलकी, म्हणजे हवेत जिवाच्या आकांताने लाथ मारली तर स्वतःचाच कणा मोडू शकतो. उचलायचाच झाला तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि लगेच अंगाशी घट्ट. उताणा केला की तो गप्प पडतो, त्याला लोक ‘लाडात आला’ म्हणतात. ते लाड नसतात, तो भीतीने थिजलेला असतो. समोरून नाकापाशी हात नेला तरी दचकतो, कारण डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. पाठीमागचं सगळं दिसतं, नाकासमोरचं तेवढं दिसत नाही. (अशी माणसंही माझ्या माहितीत आहेत, पण ती पेन्शनच्या रांगेत भेटतात, त्यांचा विषय वेगळा.)

मग ओळख कशी करायची? जमिनीवर बसून. निजामाच्या दरबारात रेसिडेंटला बूट काढून खालीच बसावं लागे. १८६९ साली साँडर्स नावाच्या रेसिडेंटने हट्टाने बूट आणि खुर्ची मिळवली. आमच्या घरी त्या अपमानाचं पुरतं उट्टं निघालं. मी, माझे गुडघे, ही, लेक, सगळे पथारीवर आणि अनवाणी. बोलायचं नाही, हात पुढे करायचा नाही. पेपर वाचत बसायचं. साहेब आधी लांबून मान ताणतात, मागचे पाय मात्र पळायच्या तयारीत. मग मिशा तळव्याला लागतात. मग नाकाचा ओला धक्का बसतो. याचा अर्थ ‘नमस्कार’ किंवा ‘बाजूला व्हा’ यांपैकी एक, आणि बहुतेक वेळा दुसराच. कपाळावरून हलका हात फिरवला आणि दातांवर दात हळू घासल्याचा बारीक आवाज आला, तर समजावं की अर्ज मंजूर झाला.

आईचं आणि त्याचं प्रकरण स्वतंत्र आहे. एका दुपारी तो बसल्या जागी धाडकन कुशीवर कोसळला, पाय ताणलेले, डोळे अर्धे उघडे. आई देवघरातून गंगाजळ घेऊन आली. दोन थेंब पडताच मयत उठलं आणि तिच्याकडे पाठ करून बसलं. ससा इतका निर्धास्त झोपला तर तो घराला मिळालेला मोठाच मान असतो, हे लेकीने समजावलं. “मान द्यायची ही कुठली तऱ्हा?” आई म्हणाली.

दुसरा प्रसंग पहाटेचा. साहेबांनी मान खाली घालून, स्वतःच्याच बुडाखालून काहीतरी थेट तोंडात घेतलं आणि गिळून टाकलं. “शिव शिव शिव! एवढी निवडून कोथिंबीर घालते मी!” सशाचं पोट गवत एका फेरीत पचवू शकत नाही. आतड्यात मुरलेल्या मऊ गोळ्या तो पुन्हा खातो, जीवनसत्त्वं त्यातच असतात. दिवसभर पडतात त्या कोरड्या लेंड्या वेगळ्या. हे ऐकून आईने देवघराला आडवी फळी लावली. पण दिवेलागणीला हा हॉलभर धावत सुटतो, मध्येच उडी मारून हवेतच अंगाला पीळ देतो, तेव्हा तीच टाळ्या वाजवते. ‘दिवा लावला की नाचतो हो,’ असं तिने जिन्यापर्यंत पसरवलं आहे. ससे उजाडता-मावळताच अंगात आल्यासारखे करतात, हे तिला सांगायचं नाही असं आमचं ठरलं आहे.

गाजराचं म्हणाल तर तो त्याचा पेढा, एखादी चकती पुरे. पोट आणि दात दोन्ही चालतात सुक्या गवतावर, कारण सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, झिजवले नाहीत तर तोंड मिटेनासं होतं. सुलतान बाजारात तुम्हाला मॅचिंग ब्लाउजपीस मिळेल, खणाचे परकर मिळतील, पण मूठभर गवत मागा! ते पाकिटातून घरपोच येतं, बासमतीच्या भावाने. गवत संपलं की साहेब मोबाइलच्या वायरी घेतात. गुजराती गल्लीतला चार्जरवाला हल्ली मला घाऊक भाव लावतो. अर्धा दिवस तोंडाला काही लावलं नाही तर मात्र थट्टा नाही, तडक नारायणगुड्याचा जनावरांचा दवाखाना. आणि उन्हाळ्यात हैदराबादचा पारा चाळिशी गाठतो तेव्हा कूलर दिवाणाच्या दिशेने असतो, बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या कुशीला, आणि आम्ही वारा घालून घेतो.

गेल्या रविवारी घरमालक आले. खुर्चीकडे वळले तशी ही म्हणाली, “भाईसाब, नीचे बैठना पडता. आवाज नक्को.” भाईसाब भरल्या अंगाचे. भिंतीला धरत, अल्लाचं नाव घेत खाली टेकले. कुकरची शिट्टी झाली. दिवाणाखालून मागच्या पायाचा धप्प आवाज आला. धोका आहे, सावध राहा, असा तो इशारा असतो. भाईसाबांनी जागच्या जागी श्वास धरला. बऱ्याच वेळाने साहेब बाहेर आले, त्यांच्या कडक इस्त्रीच्या पायजम्यापाशी थांबले, नाक हलवलं आणि गुडघ्यावर सावकाश हनुवटी घासली.

“ये क्या करा?” भाईसाबांनी ओठ न हलवता विचारलं.

“आप अब इनके हो गए,” ही म्हणाली. “किराये का कुछ बोलने आए थे क्या?”