‘ब्लॉकर’चा ‘मायनर’ करणाऱ्या साहेबांस

प्रति,
माननीय रिलीज मॅनेजर साहेब,


आपल्या मुक्त सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ‘प्रॉडक्शनसाठी तयार’ असल्याची घोषणा वाचली. अभिनंदन! प्रॉडक्शन कुठं चालतं ते बघायचं असेल तर एकदा चाकणला या. आमच्याच टेम्पोतून आणतो, तो हल्ली माल घेऊन जातो आणि तोच माल घेऊन परत येतो.

झालं एवढंच, की आमच्या पार्ट नंबरच्या सुरुवातीला दोन शून्यं असतात. जुन्या आवृत्तीत तो रकाना अक्षरांचा होता, नव्यात आपण तो आकड्यांचा केलात आणि स्टिकरवरची शून्यं उडाली. पुढच्या शून्याला किंमत नसते हे शाळेत आम्हीही शिकलो होतो, पण गिऱ्हाइकाच्या गेटवरचा स्कॅनर शाळेत गेला नव्हता. त्यानं एकेका बिनवरचं स्टिकर नाकारलं. आमचा हेल्पर बिचारा मार्कर घेऊन शून्यं काढत बसला. बारकोडला मार्कर काय कळणार? इनवर्डवाल्यानं चलनावर ‘पार्ट मिसमॅच’ असा शेरा मारला आणि माल परत भोसरीला. भाडं दोन्ही वेळचं आमच्याच बोकांडी.

बग कुणाच्या हातून होत नाही? हलवलेली बटणं, अर्धवट मराठी, रडतखडत उघडणारा रिपोर्ट, सगळं माफ. पण मी आपली बगांची यादी उघडली आणि डोकं फिरलं. हा बग कुणीतरी रिलीजच्या आधीच कळवला होता. आपणच त्यावर ‘ब्लॉकर’ लिहिलं होतंत, म्हणजे हा सुटल्याशिवाय रिलीज नाही. आणि रिलीजच्या आदल्या रात्री त्या ‘ब्लॉकर’चा ‘मायनर’ झाला. कोडची एक ओळ बदलली नाही, फक्त चिठ्ठी बदलली. आमच्याकडं बोअरमध्ये नो-गो गेज उतरला की पार्ट लाल बिनमध्ये जातो. आपली पद्धत स्वस्तातली: गेजवरचं ‘नो’ खरवडून टाकायचं.

तारखा आम्हालाही असतात, साहेब. नवा पार्ट लाइनवर जायच्या आधी पीपीएपीची फाइल जाते: मोजमापं, मटेरियलचा दाखला, कंट्रोल प्लॅन, शेवटी वॉरंटवर सही. एखादं माप बसत नसतानाही कधीकधी माल जातो, खोटं कशाला बोलू? पण तो डेव्हिएशन घेऊन जातो. काय चुकलंय, किती नगांपुरतं चालवून घ्यायचं, कुणी मान्य केलं, सगळं कागदावर. बिनचूक माल द्या असं आमचं म्हणणंच नाही. काय बिघडलंय ते घेणाऱ्यापासून लपवू नका, इतकंच.

आपल्या बिरादरीत हे पाळणारे आहेत. डेबियनची ‘वुडी’ ही आवृत्ती जुलै 2002 मध्ये आली, पुढची ‘सार्ज’ थेट जून 2005 मध्ये. लोक हसले, पण रिलीज अडवणाऱ्या बगांची यादी जगासमोर उघडी होती. आणि पार्टची मॉडेलं काढणारं फ्रीकॅड! 2002 मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पानं 1.0 हा आकडा लावला नोव्हेंबर 2024 मध्ये. त्याचा जुना आजार असा, की मूळ आकृतीत जरा बदल केला की मॉडेलच्या पृष्ठांचे क्रमांक बदलायचे आणि एका पृष्ठावर पाडलेलं भोक भलत्याच पृष्ठावर जाऊन बसायचं. फिक्श्चर बनवणाऱ्याला हे काय ते विचारा. तो आजार आटोक्यात आल्यावरच त्यांनी 1.0 म्हटलं, आणि तेव्हाही ‘आटोक्यात आलाय’ असंच म्हटलं, ‘बरा झालाय’ असं नाही.

आपण म्हणाल, लायसन्समध्ये ठळक अक्षरांत लिहिलंय की कसलीही हमी नाही. फुकट घेता आणि वर तोंड करून बोलता. पण मग घोषणेतही तसंच ठळक लिहा ना!

हे लिहिता लिहिता मी त्या बगाखालचा सगळा संवाद वाचला. रिलीज कँडिडेट आठवडाभर पडून होता, चालवून कुणी बघितला नाही. ‘रिलीज कधी?’ विचारणाऱ्यांची मात्र रांग. बड्याबड्या कंपन्यांचे ईमेल पत्ते, एकाचाही पॅच नाही. ‘ब्लॉकर’ खोडलात तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते, आणि सकाळी आपल्याला नोकरीवर जायचं होतं. ‘एक्सझेड’ हे मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या लासे कॉलिनच्या मागे 2022 मध्ये लोकांनी असाच धोशा लावला होता: लवकर करा, नाहीतर दुसऱ्याच्या हातात द्या. त्यानं सांगितलं होतं की तब्येत ठीक नाही, हे बिनपगारी काम आहे. ज्या ‘दुसऱ्या’च्या हातात गेलं, त्याच्या नावानं 2024 मध्ये चोरदरवाजा घुसवलेली आवृत्ती बाहेर पडली. आपल्या जिवावर करोडोंचा माल हलवणाऱ्या आणि आपल्यासाठी टेस्टिंगला एक पोरगं न देणाऱ्या त्या कंपन्यांना लाज कशी वाटत नाही?

आपल्यावरचा राग गेलेला नाही. पुढचा रिलीज काढाल तेव्हा सुटलेल्या बगांआधी न सुटलेले लिहा, आणि खाली आपलं नाव. काढायचाच असेल तर बुधवारी रात्री काढा. गुरुवारी आमच्या एमआयडीसीला सुट्टी असते, त्या दिवशी मी चालवून बघतो आणि फुटलं तर संध्याकाळपर्यंत कळवतो. तेव्हा मात्र ‘मायनर’ लिहू नका.

आपला,
भोसरीचा एक जॉबवर्कवाला