अठरा व्होल्टांचे पक्षांतर

कॉर्डलेस हत्यारांच्या बाजारात ‘बॅटरी प्लॅटफॉर्म’ ही संज्ञा एकाच घडणीच्या बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांच्या समूहाला उद्देशून वापरली जाते. एकच बॅटरी सकाळी ड्रिलला, दुपारी ग्राइंडरला आणि संध्याकाळी पालापाचोळा उडवणाऱ्या ब्लोअरला लावता येते, मात्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला ती कोणत्याही प्रहरी लागत नाही. भिंतीला चार भोके पाडण्यापुरते ड्रिल घेणारा गृहस्थ आपण एक वस्तू घेतली अशा समजुतीत असतो. वस्तुतः त्याने एका पक्षाचे आजीव सदस्यत्व पत्करलेले असते. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या हत्यारांच्या बाजारात त्याने दुसरे यंत्र मागितले, की काम काय आहे हे विचारण्याआधी दुकानदार ‘बॅटरी कुठली आहे तुमच्याकडे?’ असे विचारतो आणि उत्तर मिळताच बाकीची फळ्यांवरची यंत्रे चर्चेतून बाद होतात.

ही निष्ठा ज्या भेदावर उभी आहे, तो भेद बॅटरीच्या आत फारसा सापडत नाही. चार स्क्रू काढून कवच बाजूला केले, की बहुधा १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे दंडगोल लिथियम-आयन सेल ओळीने पडलेले दिसतात. त्यांच्या टोकांवर निकेलच्या पातळ पट्ट्या ठिपक्याठिपक्यांनी वेल्ड केलेल्या असतात आणि शेजारी तापमान व व्होल्टेज यांची खबर देणारे छोटे सर्किट असते. कवच लाल असो, पिवळे असो वा निळे, आतली मांडणी साधारण हीच. फरक असतो तो बाहेरच्या खाचांचा, एका खटक्याचा आणि धातूच्या पात्यांच्या जागेचा, म्हणजेच वीज सर्वांची एक आणि मतभेद मुख्यतः प्लॅस्टिकचे.

आकड्यांच्या बाबतीतही हेच आढळते. लिथियम-आयन सेलचा सर्वसाधारण दाब ३.६ व्होल्ट धरतात, म्हणून एकामागोमाग जोडलेल्या पाच सेलचे १८ व्होल्ट होतात. परंतु नुकत्याच चार्ज झालेल्या सेलचा दाब चार व्होल्टच्या आसपास असल्याने डिवॉल्टने अमेरिकेत ही बॅटरी ‘२० व्होल्ट मॅक्स’ या नावाने विकली आणि युरोपात १८ व्होल्टच राहू दिले. अटलांटिक ओलांडताना दोन व्होल्ट गळून पडण्याचा हा प्रकार पदार्थविज्ञानाला अपरिचित असला, तरी जाहीरनामे वाचण्याची सवय असलेल्या मतदाराला त्याचे नवल वाटू नये.

पक्षांतराची जाहीर कारणे नेहमीच तात्त्विक असतात: नव्या कंपनीची मोटर ब्रशलेस आहे, म्हणजे तिच्यात घासून झिजणारे कार्बन ब्रश नाहीत, यंत्र हाताला हलके आहे, मनगटाला झटका बसत नाही. निर्णायक ठरते ती मात्र दोन बॅटऱ्यांवर एक यंत्र मोफत देणारी दिवाळीची योजना. ‘अगं, ड्रिल फुकटच पडतंय,’ असा हिशेब घरात मांडला जातो आणि ‘अहो, पण आधीच्या ड्रिलला काय झालंय?’ या प्रतिप्रश्नाचे समाधानकारक उत्तर या विषयाच्या अभ्यासकांना अद्याप सापडलेले नाही. संविधानाच्या दहाव्या परिशिष्टानुसार विधिमंडळ पक्षाचे दोन तृतीयांश सदस्य विलीनीकरणास राजी असतील तर अपात्रता टळते. हत्यारांच्या पेटीत हे संख्याबळ क्वचितच जमते, कारण ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर उत्साहाने पलीकडे गेले, तरी महागडा सर्क्युलर सॉ जुन्या निष्ठेला चिकटून राहतो आणि त्याच्यासाठी जुनी बॅटरी व जुना चार्जर पोसावा लागतो.

अ‍ॅडॅप्टर, म्हणजे एका घडणीची बॅटरी दुसऱ्या घडणीच्या यंत्राला बसवणारा दुवा, हा अपक्षांचा मार्ग होय. त्यात अडचण अशी, की सेल प्रमाणाबाहेर रिकामे होण्यापूर्वी प्रवाह तोडण्याची जबाबदारी काही कंपन्या बॅटरीवर सोपवतात, तर काही यंत्रावर. त्यामुळे मध्ये त्रयस्थ आला, की प्रत्येक बाजू ती जबाबदारी दुसऱ्याची समजते आणि सेल कायमचे कामातून जातात. ऐक्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. मेटाबोच्या पुढाकाराने २०१८ मध्ये ‘कॉर्डलेस अलायन्स सिस्टिम’ स्थापन झाली, बॉशच्या घरगुती हिरव्या यंत्रांभोवती २०२० मध्ये ‘पॉवर फॉर ऑल अलायन्स’ उभी राहिली आणि त्याच कंपनीच्या व्यावसायिक निळ्या यंत्रांभोवती ‘अँपशेअर’ आली. तिन्ही आघाड्यांच्या बॅटऱ्या १८ व्होल्टच्या असूनही एकीची दुसरीला चालत नाही. त्यांपैकी दोहोंचे नेतृत्व एकाच घराण्याकडे असावे, यावरून बेरजेच्या राजकारणाने या क्षेत्रात किती मजल मारली आहे हे ध्यानात येते.

परिणामी पूर्ण पक्षांतर सहसा घडत नाही, संयुक्त सरकार तेवढे येते. दोन कंपन्यांचे दोन चार्जर एकाच भिंतीवर येतात, सॉकेट मात्र एकच असते, आणि कॉर्डलेसच्या मालकाला अखेर लांब कॉर्डचा एक्स्टेंशन बोर्ड विकत आणावा लागतो. एकमेकांची बॅटरी न ओळखणारे हे दोन्ही चार्जर त्या बोर्डात शेजारीशेजारी निमूट बसतात. कारण प्लगच्या पिनांची मापे ठरवण्याचा अधिकार यांपैकी कोणत्याही कंपनीच्या हाती लागलेला नाही.