बसायला त्रास होतो

पन्नाशीचे गृहस्थ दवाखान्यात शिरतात आणि खुर्चीच्या कडेवर एका अंगाने टेकतात.

"काय होतंय?"

"बसायला जरा त्रास होतो, डॉक्टर. उष्णता झालीय."

"कुठे?"

"खाली."

"पायांना?"

"इतकं खाली नाही हो."

असा वरून-खालून वेढा पडत पडत प्रकरण मुक्कामाला पोहोचतं, तोवर बाहेरचे चार पेशंट चुळबुळ करू लागलेले असतात.

हेच गृहस्थ सकाळी सिग्नलला रिक्षा आडवी आली तेव्हा त्याच अवयवाचं दोन अक्षरी नाव खणखणीत घेऊन मोकळे झाले होते. मराठीत हा अवयव फक्त दुसऱ्याला असतो. स्वतःला असते ती 'जागा'.

सुश्रुताला ही अडचण नव्हती. गुदाची लांबी साडेचार अंगुळं, असं त्याने सरळ लिहून ठेवलं. आतल्या तीन वळ्यांना नावं दिली प्रवाहणी, विसर्जनी आणि संवरणी. आज कुणी तिळ्या मुलींची म्हणून ही नावं सांगितली, तर सोसायटीत कौतुकच होईल. प्राचीन इजिप्तमध्ये तर 'राजगुदाचा राखणदार' ही राजवैद्याची पदवी होती, आणि तो ती अभिमानाने दगडावर कोरून घेई. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं भगंदर १६८६ मध्ये कापलं, राजा बरा झाला, आणि दरबाऱ्यांत त्याच शस्त्रक्रियेची टूम निघाली म्हणतात. आपल्या पुढाऱ्यांना मात्र रुग्णालयात हलवलं की एक तर ताप असतो, नाहीतर पाठ धरलेली असते. खुर्चीला जन्मभर चिकटून बसूनही कुणाला मूळव्याध झाल्याचं पत्रक निघालेलं आठवत नाही.

खरं तर कर्तबगारीत हा अवयव कुणाला हार जाणारा नाही. गुदाशय साधारण १२ ते १५ सेंटिमीटरचा, त्याखालचा गुदमार्ग जेमतेम ३-४ सेंटिमीटरचा. दाराशी दोन गोल स्नायू: आतला आपलं ऐकत नाही, बाहेरचा ऐकतो. आलेला माल घन, द्रव की वायू, हे गुदमार्गाचं अस्तर क्षणात ओळखतं. त्या भरवशावर तर माणूस भरल्या लग्नमंडपात निर्धास्त उभा असतो. इतकी झटपट आणि अचूक छाननी, तीही चहापाण्याशिवाय, कुठल्या सरकारी टेबलावर होते?

गुदमार्गात एक दातेरी रेषा आहे. तिच्या खाली बारीकशी चीर पडली तरी ब्रह्मांड आठवतं. तिच्या वर मात्र कापल्याचिरल्याची जाणीव नसते. तिथले मूळव्याधीचे कोंब रक्त सांडतात, पण बहुधा दुखत नाहीत. मग आपण निदान करतो, मिसळ तिखट होती. गुदाशयाचा कर्करोगही कधी कधी असंच बिनदुखतं रक्त दाखवतो. त्याचंही खापर मिसळीवर फुटतं, आणि महिने जातात.

आपल्या या लाजेचा बाजारभाव भिंतींना बरोबर कळलाय. एसटी स्टँडची मुतारी, लोकलचा डबा, उड्डाणपुलाचा खांब, सगळीकडे तेच: 'मूळव्याध, भगंदर, फिशर. विनाऑपरेशन खात्रीशीर इलाज.' खाली मोबाइल नंबर. डिग्रीचा पत्ता नाही. जे घरात उच्चारायचं नाही, ते तिथे फूटभर अक्षरांत रंगवलेलं असतं. डिग्रीवाल्याकडे गेलं तर तोंडाने सांगावं लागतं. खांबावरच्या वैद्याने ते आधीच लिहून ठेवलंय, आपण नुसता नंबर फिरवायचा. शिकलेसवरलेले लोकही तिथेच पैसे मोजतात. पुढे ती जागा चिघळली की पुन्हा दवाखान्यात, पुन्हा खुर्चीची कड, पुन्हा 'उष्णता'.

यावर कुणी छेडलंच, तर अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर ही म्हण तयार असते. अहो, पण गावात दुसरेही डॉक्टर आहेत!

तेव्हा रक्त दिसलं की तपासून घ्या. बोटाने करायची तपासणी मिनिटभराची असते, आणि डॉक्टरांना त्यात काडीचं नवल नसतं. सांगायला शब्दच सापडत नसेल, तर सिग्नलला वापरता तोच वापरा. डॉक्टरही त्याच रस्त्याने येतात. त्यांनी तो ऐकलेला असतो.