पेंढ्याची बढती

पेंढ्याला बढती मिळाली आहे. परवापर्यंत तो म्हशीचा चारा होता, आता ऊर्जास्रोत आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने हरित हायड्रोजनसाठी १९,७४४ कोटी काढले, जुलैत राज्याने ८,५६२ कोटींचं धोरण मंजूर केलं. राहता राहिला कचरा. तो मोजायला एक साहेब शहापूर-मुरबाडच्या हद्दीवरच्या आमच्या गावी अवतरले.

साहेबांनी समजावलं मात्र झकास. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने जिवाणूंची एक पलटण उभी केली आहे. भाताचा पेंढा बंद टाकीत तिच्या पुढ्यात टाकायचा. आधी हायड्रोजन निघतो, मग मिथेन. पेंढा आधी उकळायला नको की रसायनात भिजवायला नको. थट्टा बाजूला ठेवून सांगतो, काम अस्सल आहे.

"तर तुमच्याकडे टाकाऊ पेंढा किती?" साहेबांनी वही उघडली.

गाव विचारात पडलं. उडवीतला चांगला पेंढा गुरांना. उरला तर गोठा शाकारायला. पावसाने काळा पडलेला राबाला. तूस गिरणीवाल्याचं.

"आणि शेण?"

"गोवऱ्या थापतो की!"

साहेब 'राब'पाशी अडले. पेरणीआधी शेण, टहाळ, पालापाचोळा पसरून जमीन भाजतात नि त्या राखेत भाताचं बी फेकतात, हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. लावोत. ठाण्या-कुलाब्याच्या जंगल-तक्रारींसाठी इंग्रजांनी १८८५ साली आयोग नेमला, तेव्हाही राबावरून असाच खल झाला होता. आयोग गेला, इंग्रज गेले, राब दर उन्हाळ्यात भाजतोच आहे.

कोपऱ्यातल्या आजीने तोंडातली मिश्री थुंकली. "त्यो वायू जानार कुठं?"

"मुंबईला. बसगाड्या चालतील त्याच्यावर."

आजी गालात हसली. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं, पुढे भातसाचंही गेलं. धरणं शहापुरात आणि उन्हाळ्यात टँकरही शहापुरातच. "मंग पाईप त्योच वापरनार, का दुसरा टाकनार?"

साहेबांनी वहीत 'निरंक' लिहिलं आणि निघताना हिरवीगार, गुळगुळीत पत्रकं वाटली. प्लास्टिक चढवलेली होती. म्हशीने हुंगून सोडली, चुलीत नुसता वास सुटला. आता ती जिवाणूंना पचतात का, हे विचारायला साहेबांचा फोन लावतोय. तर आमच्याकडे रेंज नाही.