पुढं बारा लायटी

भाचा कराडात वेबसाइटी बनवतो. परवा एका हळद-मसालेवाल्याचं काम दाखवत होता. "मूळ साचा फुकट असतो, मामा. वर फक्त प्लगइन जोडत जायचं." चौकशीच्या फॉर्मला एक, फोटो सरकवायला एक, व्हॉट्सॲपच्या हिरव्या बटणाला एक, दिवाळीत पणत्या पेटवायला एक. असं करत एकोणतीस झाली. आता दुकान मोबाइलवर उघडेपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या वाण्याकडून हळद आणून फोडणी घालून मोकळं होतं.

या फुकट साच्याचं नाव वर्डप्रेस. त्यानं ही जोडणीची सोय २००४ साली केली. आज फुकटातली प्लगइनच ६० हजारांच्या आसपास आहेत. त्यातलं हॅलो डॉली नावाचं एक कित्येक वर्षं मूळ साच्यासोबत आयतंच यायचं. लुई आर्मस्ट्राँगच्या गाण्याची एक ओळ ते कोपऱ्यात दाखवतं. बाकी काही म्हणजे काही करत नाही. भाच्याला त्याचं नवल वाटलं. मला नाही. आमच्याकडं त्याला ट्रॅक्टरवरचा टेप म्हणतात.

सातारा-सांगलीच्या माणसाला प्लगइन शिकवायला जाऊ नये. ट्रॅक्टर म्हणजे दुसरं काय? नुसता उभा असतो तेव्हा त्याला कामच नसतं. मागं पलटी नांगर जोडला की नांगरट, रोटाव्हेटर जोडला की ढेकळांचा भुगा, ट्रॉली जोडली की ऊस, वऱ्हाड आणि प्रचारसभेची गर्दी.

ही जोडणी ज्यानं बसवली तो हॅरी फर्ग्युसन आयर्लंडचा. आधी नांगर ट्रॅक्टरमागं नुसता ओढत न्यायचे. फाळ दगडात अडकला की ट्रॅक्टर घोड्यासारखा मागच्या चाकांवर उभा राही, कधी चालकाच्या अंगावर उलटे. फर्ग्युसननं नांगर तीन ठिकाणी पकडला, हायड्रॉलिकवर उचलता केला. १९३८ साली हेन्री फोर्डशी नुसता हात मिळवून व्यवहार ठरला आणि पुढच्या वर्षी त्या जोडणीचा फोर्डचा ट्रॅक्टर बाजारात आला.

आता गळीत हंगामात आमच्या रस्त्यावर उभं राहा. दोन ट्रॉल्या, त्यावर आभाळाला टेकलेला ऊस, आणि चढाला पुढची चाकं वीतभर अधांतरी! ज्या भीतीपोटी शोध लागला, तिचाच आम्ही खेळ केला. त्यावरही जोडणी आहेच. पुढं जड लोखंडी बंपर ठोकायचा, आणि तोही पुरला नाही तर बंपरवर दोन पोरं उभी करायची. पोरं हे सगळ्यात स्वस्त प्लगइन.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना यातलं काही सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी हात लावेनात. १९१०मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडलच्या माळावर कारखाना उभा राहिला, त्याआधीची कैक वर्षं समजूत घालण्यात गेली. त्या शेतकऱ्यांचा पणतू आज लोखंड नको म्हणत नाही. उलट कुठं ठोकू एवढंच विचारतो.

गेल्या हंगामात पेठ नाक्याहून सांगलीकडं रात्री मोटारसायकलनं येत होतो. आष्ट्याच्या अलीकडं रस्ता अचानक संपला. पुढं काळी भिंत होती आणि भिंतीला वाढं फुटलं होतं. ब्रेक दाबला तेव्हा उसाची टोकं नाकापासून हातभर. वळसा घालून पुढं गेलो तर लग्नाचा मांडव! बारा लायटी, रंग बदलणारी पट्टी, गोंडे, आरसे, चार भोंगे. मागं लाल रिफ्लेक्टर नियमानं सक्तीचा. चिकटवायची एक पट्टी असते, टेपच्या वायरीपेक्षाही स्वस्त. तेवढी तेवढी नव्हती.

आष्ट्यात चहाला तो ट्रॅक्टरवाला थांबला तसा मीही थांबलो. वीस-बावीस वर्षांचा, हसरा गडी. मी म्हटलं, "अरे, एवढं सगळं लावलंस, मागं एक लाल पट्टी लाव की."

त्यानं आधी आवाज कमी केला, म्हणजे चार भोंग्यांचे तीन केले. मग वळून ट्रॉलीकडं बघितलं, बहुधा हंगामात पहिल्यांदाच.

"काका, मागचं मागचे बघत्यात की."